सत्तेचाळीस आणि चौऱ्याहत्तर

पैनगंगेच्या काठी, आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी दुसरीच्या वर्गाला अंकलेखन देत होतो. "सत्तेचाळीस" म्हणालो आणि पुढच्या रांगेतल्या मुलीने वहीत ७४ लिहिले. मी फुली मारली आणि पुढचा अंक सांगितला. वीस अंकांपैकी तिचे अकरा बरोबर आले. नोंदवहीत अकरा हा आकडा चढला आणि माझ्या लेखी त्या दिवसाचे मूल्यमापन संपले. पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका मुलाने हेच केले, तेव्हा मी त्याला जवळ बोलावून विचारले, "असे का लिहिलेस रे?" तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सात आधी म्हटला ना."

तो बरोबर ऐकत होता. 'सत्तेचाळीस' या शब्दात सात आधी येतो आणि चाळीस मागून. मुलाने जसे कानावर पडले तसे मांडले. नदीच्या अलीकडच्या आमच्या गावांत हीच मुले दुकानात, बसमध्ये, मंडल कार्यालयात तेलुगू ऐकतात. तिथे सत्तेचाळीसला 'नलभै एडु' म्हणतात, म्हणजे सरळ चाळीस-सात, जसे लिहायचे तसेच बोलायचे. एका मुलाच्या कानात दोन्ही रीती एकाच वेळी नांदत असतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची 'चाळीस सात' ही जोडपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी या पद्धतीमागची बाजू शांतपणे समजावून सांगितली होती. त्या वादात कोण बरोबर, हा इथला प्रश्न नाही. नारळीकरबाईंनी मूल अडखळते ती नेमकी जागा पाहिली होती आणि त्या जागेला धरून शिकवण्याची रीत बदलायला निघाल्या होत्या. मला मोलाचे वाटते ते हे.

मी ज्या मुलीला अकरा गुण दिले तिच्या नऊ चुका म्हणजे बहुधा नऊ वेळा झालेली एकच चूक होती. अकरा या आकड्याने ती झाकली. कारण विचारले असते तर दशक-एककाच्या काड्या आणि गठ्ठे घेऊन दोन दिवसांत तिची वाट मोकळी झाली असती. ही खंत मनात ठेवूनच मी ही प्रस्तावना लिहीत आहे.

विद्यार्थी काय शिकले हे पाहण्याचा आराखडा कसा करायचा, आणि तो कागदावरून वर्गात कसा आणायचा, हा या पुस्तिकेचा विषय आहे. ती शाळेसाठी आहे आणि महाविद्यालयासाठीही. 'आराखडा' म्हटले की तक्ते आणि रकाने डोळ्यांपुढे येतात. कापसाच्या मुलखात मला तो सांगायला एक सोपी गोष्ट मिळते. गुलाबी बोंडअळीसाठी शेतकरी शेतात कामगंध सापळे लावतो आणि सकाळी त्यात अडकलेले पतंग मोजतो. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, असा शास्त्रज्ञांनी दिलेला हिशेब आहे. काय मोजायचे, कुठे, किती दिवस आणि कितीवर गेले की काय करायचे, हे सगळे मोजण्याआधीच ठरलेले असते. पतंग मोजून वहीत लिहिले आणि वही कपाटात ठेवली, असे कोणताही शेतकरी करत नाही. आमच्या शाळा-कॉलेजांत मात्र आम्ही वर्षानुवर्षे तेच करत आलो. चाचणी घेतली, आकडे भरले, वर पाठवले. अर्धा वर्ग भागाकारात अडला तर सोमवारी काय करायचे, हे चाचणीपूर्वी ठरवलेले मी क्वचितच पाहिले. मूल्यमापनाच्या आराखड्याचा प्राण 'असे झाले तर हे करायचे' या एका वाक्यात आहे असे मी मानतो. ते वाक्य लिहिलेले नसेल तर बाकीचे रकाने भरण्यात कुणी वेळ घालवू नये.

आमचा आदिलाबाद जिल्हा या विषयासाठी सोपा नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. सीमा आखली गेली, पण तिच्या दोन्ही बाजूंना मराठी उरलीच. जैनद, बेला, तामसी या भागांत घराघरांत ती आजही बोलली जाते. २०१६ च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमरम भीम आसिफाबाद. पण भाषांची सरमिसळ तशीच आहे. गुड्यावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, गोंडी आणि कोलामी, तांड्यावर बंजारा, बाजारात तेलुगू आणि उर्दू, भजनात आणि बारशात मराठी. शाळेची भाषा यांतली एक किंवा इंग्रजी, आणि बहुतेकदा मुलाच्या घरची नाहीच. शिक्षकांना येणाऱ्या सूचना तेलुगूत, पाठ्यपुस्तक मराठीत आणि मुलाचे स्वप्न गोंडीत. अशा वर्गात 'मुलाला येत नाही' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी 'कोणत्या भाषेत येत नाही?' हा प्रश्न विचारावा लागतो.

हा प्रश्न इथे पहिल्यांदा आज विचारला जातो आहे असे नाही. १९४० साली जोडेघाटला गोंडांचा नेता कुमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधायला या भागात पाठवले. ते मारलवाई या गोंड गावात राहिले. जमिनीच्या प्रश्नाइतकेच त्यांना अक्षराचे मोल कळले. कागद वाचता येत नाही म्हणून जमीन जाते, हे त्यांनी समोर पाहिले होते. १९४३ च्या सुमाराला मारलवाईत गोंड तरुणांनाच शिक्षक करण्याचे केंद्र उभे राहिले आणि गोंडी भाषेतल्या वाचनपुस्तिका देवनागरीत तयार झाल्या. देवनागरी निवडली, कारण मोजक्याच का होईना, काही गोंडांना मराठीची अक्षरओळख होती. म्हणजे योजना सुरू झाली ती लोकांना आधीच काय येते ते पाहून. पायाभूत चाचणी हा शब्द तेव्हा नव्हता, पण दृष्टी तीच होती.

त्याच काळात हैदराबाद संस्थानच्या सेवेत असलेले आपले सेतुमाधवराव पगडी या भागात अधिकारी म्हणून आले. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात. त्यांनी गोंडी आत्मसात केली, गोंडीचे आणि कोलामीचे व्याकरण लिहिले, आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यायचे त्यांची भाषा आधी शिकायची, ही त्यांची शिस्त होती. पुढे राज्य बदलले, धोरणे बदलली, गोंडीतून शिकवणे मागे पडले. २००४ मध्ये संयुक्त आंध्र प्रदेशात आठ आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा प्रयत्न पुन्हा झाला, त्यात गोंडी आणि कोलामी होत्या. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी सापडलेल्या गोंडी हस्तलिखितांच्या लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. धागा तुटतो आणि कुणीतरी तो पुन्हा उचलतो, असे इथे चालू आहे.

आता आजच्या कागदांकडे येऊ. तेलंगणातल्या शाळांत वर्षाला चार आकारिक आणि दोन संकलित चाचण्या होतात. इथे सगळे त्यांना एफए आणि एसए म्हणतात. हायस्कुलात एफएच्या वीस गुणांचे चार भाग आहेत. मुलाचा सहभाग आणि त्याचे स्वतःचे म्हणणे, लेखी काम, प्रकल्प आणि स्लिप टेस्ट, प्रत्येकाला पाच. रचना विचारपूर्वक केलेली आहे. मुलाने वाचलेल्या पाठाविषयी स्वतःच्या शब्दांत काय म्हटले याला गुण देणारी पद्धत मला मनापासून आवडते. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात पहिली-दुसरीला आकारिकचे ७० आणि संकलितचे ३० असे वजन दिले, आणि वरच्या वर्गांत ते हळूहळू उलटत नेऊन सातवी-आठवीला ४० आणि ६० केले. हीही समजूतदार मांडणी आहे. दोन्हीकडे घोटाळा एकाच ठिकाणी होतो. 'सातत्यपूर्ण' हा शब्द निरीक्षणासाठी होता, तो नोंदींना चिकटला. मग एका संध्याकाळी पाच वह्या समोर ठेवून चाळीस मुलांचे वर्षभराचे 'दैनंदिन निरीक्षण' लिहिले जाते. मी ते केलेले आहे. माझ्या बरोबरीच्या बहुतेकांनी केलेले आहे. आम्ही अप्रामाणिक होतो म्हणून नाही. त्या नोंदी पुन्हा कुणी वाचणार नाही, मीसुद्धा वाचणार नाही, हे ठाऊक होते म्हणून.

२०२२ मध्ये तेलंगणात पहिली ते पाचवीसाठी 'तोली मेट्टु', म्हणजे 'पहिली पायरी', हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मुलाचे वाचन आणि गणित पाहायचे असते. 'असर' या सर्वेक्षणातली वाचन चाचणी २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन घेतात, तिची पायरी-पायरीची रीत शिक्षकांच्या परिचयाची आहे. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एकेक मूल समोर बसवून वाचायला लावायचे. या रीतीचे बळ तिच्या साधेपणात आहे. कोणते मूल कुठे थांबले ते दिसते आणि उद्या त्याला काय द्यायचे ते त्याच क्षणी कळते. पण इथेही माझा आग्रह आहे की शब्दाच्या पायरीवर थांबलेल्या कोलाम मुलाची नोंद करताना त्याच्या घरची भाषा शेजारी लिहावी. त्याला वाचता येत नाही की वाचलेला शब्द त्याच्या ओळखीचा नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

परिसर अभ्यासात हे फार टोकदारपणे दिसते. 'तुमच्या परिसरातील झाडांची माहिती लिहा' या प्रश्नाला डोंगरावरच्या गुड्यातला मुलगा तीन ओळी लिहितो. त्याच मुलाबरोबर रानात चाला. मोहाची फुले कधी गळतात, तेंदूची पाने कोणत्या दिवसांत तोडतात, कोणते साल कोणत्या दुखण्यावर लावतात, सगळे तो सांगतो, मात्र गोंडीत सांगतो. आपण मोजले त्याचे मराठी लेखन आणि गुण दिले परिसर अभ्यासाला. आराखडा करताना आधी ठरवायचे की ही अध्ययन निष्पत्ती भाषेची आहे की विषयाची. विषयाची असेल तर तोंडी उत्तर चालेल, चित्र चालेल, गोंडी कळणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलाने सांगितलेला अर्थ चालेल. भाषेची असेल तर मराठीच तपासायची, आणि तीही प्रेमाने, कारण ती त्याची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे.

मोजपट्टी कशी बदलते हे पाहायचे असेल तर केरामेरी आणि जिवती यांच्यामधल्या डोंगरावर जावे. परमडोली, मुकादमगुडा, अंतापूर अशा चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. तिथल्या लोकांजवळ दोन्ही राज्यांची कार्डे आहेत, मतदान दोन्हीकडे आहे आणि शाळाही दोन्ही सरकारांच्या आहेत, एक मराठी आणि एक तेलुगू. एकाच आईची दोन मुले दोन शाळांत गेली तर एकाची आकारिक नोंद एका नमुन्यात होते, दुसऱ्याची एफए दुसऱ्या नमुन्यात. मुलांना काय येते हे मात्र दोन्ही कागद शेजारी ठेवूनही कळत नाही. आईला विचारले तर ती सांगू शकेल. पालकांना विचारणे हाही मूल्यमापनाचा भाग आहे, हे आपण जवळपास विसरलो आहोत.

महाविद्यालयांविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण तिथे या विषयाची अवस्था जास्त कठीण आहे. आदिलाबादची पदवी महाविद्यालये वरंगळच्या काकतीय विद्यापीठाला जोडलेली आहेत. २०१६-१७ पासून सत्र पद्धत आणि श्रेयांक आले. नॅकच्या तयारीसाठी प्रत्येक अभ्यासक्रमाच्या आणि प्रत्येक पेपरच्या निष्पत्ती लिहायच्या, त्या एकमेकींशी जोडायच्या आणि किती साध्य झाल्या ते आकड्यात दाखवायचे, अशी रीत सर्वत्र पडली. ठरावीक टक्के विद्यार्थ्यांनी ठरावीक गुण ओलांडले की पातळी दोन, आणखी काही टक्क्यांनी ओलांडले की तीन, अशी काहीशी मोजणी संगणक करून देतो. मी अशा पुष्कळ फायली पाहिल्या. 'विद्यार्थ्यात चिकित्सक विचारशक्ती विकसित होईल' असे बी.ए.च्या निष्पत्तीत लिहिलेले असते आणि ती साध्य झाल्याचा पुरावा म्हणून ज्या प्रश्नपत्रिकेचे गुण जोडलेले असतात, तिच्यात 'टिपा लिहा'शिवाय काही नसते. गाईडातून पाठ केलेल्या टिपांनी चिकित्सक विचारशक्ती कशी मोजणार? निष्पत्ती लिहिणारे हात आणि प्रश्नपत्रिका काढणारे हात एकमेकांना भेटलेलेच नसतात.

याच जिल्ह्यातली दोन उदाहरणे देतो. जैनदला परमार जगद्देवाच्या काळाचा शिलालेख आहे आणि लक्ष्मीनारायणाचे देऊळ आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तिथे न्यावे. लेखाच्या वाचनातून काय सिद्ध होते, गावकरी काय सांगतात आणि या दोहोंत अंतर कुठे आहे, हे दोन पानांत लिहायला सांगावे. निष्पत्ती काय ती समोर दिसेल. बी.कॉम.च्या मुलांसाठी आदिलाबादचा कापूस बाजार आहे. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, पुढे बारा टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे एक टक्का कापते आणि बारावर माल घेतच नाही. अकरा टक्के ओलावा निघालेल्या तीस क्विंटल कापसाच्या गाडीमागे शेतकऱ्याचे पावणेसात हजार जातात. आता प्रश्न असा विचारावा: चार दिवस वाळवायला थांबावे, की व्यापाऱ्याला आज कमी भावात द्यावे? हिशेब मांडा, निर्णय द्या, आणि वडिलांना समजेल अशा भाषेत तो लिहा. या एका प्रश्नात शेकडेवारी आहे, खर्चाचा विचार आहे, जोखीम आहे, संवाद आहे. वर्गातल्या कितीतरी मुलांनी त्या बाजारातला काटा स्वतः पाहिलेला असतो.

ही वाट जगात कुणी चाललेलेच नाही असे समजू नये. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातले अल्व्हर्नो हे लहानसे महिला महाविद्यालय १९७३ पासून असे चालते. तिथल्या प्राध्यापकांनी आधी एकमेकांना विचारले की आमच्या विषयातून बाहेर पडणाऱ्या मुलीला काय करता आले पाहिजे. त्यावरून क्षमता ठरवल्या आणि नेहमीच्या श्रेणींच्या जागी त्या क्षमतांचे टप्पे ठेवले. आपले काम कुठे कमी पडले हे विद्यार्थिनीनेही पाहायचे आणि सांगायचे. आपल्याकडे तसेच्या तसे आणता येणार नाही, आणू नये. त्यांचा पहिला प्रश्न मात्र उचलण्यासारखा आहे, कारण त्याला पैसे लागत नाहीत. एका विभागाचे तीन-चार प्राध्यापक एका दुपारी एका टेबलाभोवती बसले की झाले.

अंमलबजावणीत दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. पहिली म्हणजे दिनदर्शिका. चाचण्यांच्या तारखा हैदराबादेत ठरतात. इथे दिवाळीच्या सुमाराला गुड्यांवर दंडारीचे नाच चालतात, त्याच दिवसांपासून कापसाची वेचणी सुरू होते आणि पुष्य अमावस्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. त्या दिवसांत वर्ग रिकामे असतात हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. तरी त्याच आठवड्यात चाचणी घेऊन आपण गैरहजेरीला 'अप्रगत' म्हणतो. सरकारी तारखा बदलणे शिक्षकाच्या हातात नाही. स्वतःच्या आराखड्यातले निरीक्षण वेचणीच्या आधी संपवणे आणि जत्रेनंतर पुन्हा सुरू करणे मात्र नक्कीच आहे.

दुसरी गोष्ट भीतीची. एकशिक्षकी शाळेतला माणूस चार वर्ग सांभाळतो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळी कामे करतो. त्याने खरे लिहिले की अर्ध्या मुलांना वाचता येत नाही, आणि उत्तरादाखल नोटीस आली, तर पुढच्या वर्षी त्याच्या वहीत सगळी मुले वाचू लागतात. अधिकाऱ्यांना माझे हात जोडून सांगणे आहे: खरा आकडा लिहिणाऱ्या शिक्षकाला पहिल्यांदा विचारा की तुला काय हवे. त्याला शिक्षा झाली तर तुमच्या टेबलावर येणारा प्रत्येक आकडा खोटा होईल आणि त्याचा दोष त्याच्याकडे जाणार नाही.

या पुस्तिकेतले नमुने जसेच्या तसे वापरावेत असा आग्रह नाही. फाडून, खोडून, आपल्या वर्गाच्या मापाने बेतून घ्यावेत. सगळ्या विषयांत एकदम सुरुवात करू नये. शाळेने एक विषय आणि एक निष्पत्ती घ्यावी, महाविद्यालयाने एक अभ्यासक्रम आणि एक सत्र. वाचणाऱ्या शिक्षकाकडे, प्राध्यापकाकडे माझे मागणे एवढेच आहे. मागच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका अजून गठ्ठ्यात बांधून पडल्या असतील. त्यांतल्या दहा काढा, सहकाऱ्याला शेजारी बसवा, आणि गुण न पाहता फक्त चुका वाचा. जी चूक तीन वेळा दिसेल ती लिहिणाऱ्या मुलाला उद्या जवळ बोलावून, त्याच्या भाषेत विचारा की असे का लिहिलेस.